बाथरूमचं पाणी जात नाही? लादी फोडण्याआधी या चार तक्रारी नीट तपासा



प्लंबिंग, लादीकाम किंवा बाथरूम रिनोव्हेशनचा स्वतःचा व्यवसाय ज्यांनी नुकताच सुरू केलाय, किंवा करायचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. व्हिडिओत वेळ कमी असतो, मापं आणि चाचण्यांचा क्रम घाईघाईत सांगावा लागतो. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहून देतोय. मोबाइलवर सेव्ह करून ठेवा, साइटवर कामाला येईल.

उदाहरण घेऊया वज्रेश्वरीचं. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं हे गाव. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसई मोहिमेत देवीला नवस केला आणि विजयानंतर मंदिर बांधलं गेलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. मंदिर आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत, जवळच अकलोली आणि गणेशपुरी आहे. म्हणजे दर्शनाला आणि आंघोळीला येणारा माणूस बारा महिने आहे. चैत्र अमावास्येच्या यात्रेला आणि नवरात्रात तर गर्दी विचारू नका. आता धंद्याच्या नजरेने बघा. जिथे मुक्कामी पाहुणा, तिथे लॉज, आणि जिथे लॉज, तिथे बाथरूम. पाहुणा पलंगाची तक्रार एकवेळ करणार नाही, पण पायाखाली घाण पाणी साचलं की पुन्हा त्या खोलीत येणार नाही.

म्हणून या भागात बाथरूम रिनोव्हेशनला काम आहे. आणि या कामात नव्या कंत्राटदाराचा नफा सगळ्यात जास्त कुठे जातो? शॉवरच्या ड्रेनमध्ये, म्हणजे आपल्या नहाणी ट्रॅपमध्ये.

आधी पैशाचं गणित

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय, तुमच्या भागातले दर तुम्ही टाका. समजा, एका बाथरूमचं काम तुम्ही ३०,००० रुपयांना घेतलं आणि सगळा खर्च जाऊन ६,००० रुपये सुटले. दोन महिन्यांनी मालकाचा फोन, "अहो, खालच्या खोलीच्या छताला ओल आलीय." तुम्ही घाबरून लगेच लादी फोडली. गवंडी आणि हेल्पर दोन दिवस, ३,४०० रुपये. लादी २,५००, वॉटरप्रूफिंगचं साहित्य १,५००, राबिट उचलायचे ६००. झाले ८,००० रुपये. नफा ६,००० चा आणि दुरुस्ती ८,००० ची. म्हणजे २,००० रुपये खिशातून देऊन तुम्ही काम केलं.

त्यात एवढं करून गळती लादीखालून नव्हतीच, भिंतीतल्या गरम पाण्याच्या लाइनमधून होती असं निघालं तर? मालकाचा विश्वास गेला, सीझनमध्ये खोली बंद राहिली, आणि अंबाडी नाक्यापर्यंत तुमचं नाव पोचलं. छोट्या गावात जाहिरात फुकट होते, चांगली पण आणि वाईट पण.

म्हणून नियम एकच. आधी तपासणी, मग छिन्नी.

ट्रॅप काम कसा करतो, दोन मिनिटांत

नहाणी ट्रॅपच्या पोटात थोडं पाणी कायम थांबून राहतं. त्याला वॉटर सील म्हणतात. ते साधारण ५० मिमी, म्हणजे दोन इंच खोल असावं लागतं. पाइपातला वास आणि झुरळं याच पाण्यामुळे वर येत नाहीत. ट्रॅपच्या वर जाळी, जाळी आणि ट्रॅपच्या मध्ये उंची जुळवणारा तुकडा, बाजूने वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर कोबा आणि मग लादी. यातला प्रत्येक सांधा ही गळतीची जागा असू शकते.

आता एकेक तक्रार घेऊ.

तक्रार पहिली: "पाणी एका कोपऱ्यात साचतं"

हा ट्रॅपचा दोष नाही, उताराचा आहे. तपासायला पाणसळ लागते, नसेल तर लेव्हल पाइप चालतो. दोन्ही नसेल तर एक मग पाणी सगळीकडे ओता आणि पंधरा मिनिटांनी बघा. जिथे चकाकी दिसते तिथे खोलगट आहे. खडूने गोल करा आणि फोटो काढा.

शॉवरखालच्या भागाला ६० ते ८० ला १ एवढा उतार हवा. म्हणजे तीन फूट लांबीला साधारण १२ ते १५ मिमी. यापेक्षा कमी दिला तर पाणी रेंगाळतं, फार जास्त दिला तर साबणाच्या पाण्यात म्हातारी माणसं घसरतात. देवदर्शनाला येणाऱ्यांत वयस्कर माणसं बरीच असतात, हे लॉजचं काम करताना विसरायचं नाही.

रिनोव्हेशनमध्ये ही तक्रार का येते? दोन कारणं सापडतात.

१. मालकाला मोठी लादी हवी असते, २ बाय ४ फुटांची. आणि ट्रॅप असतो मध्यभागी, गोल. मधल्या ट्रॅपला चारी बाजूंनी उतार द्यावा लागतो. मोठी लादी चार दिशांना वाकत नाही. एक तर कर्ण कापून बसवा, नाहीतर भिंतीलगत लांब पट्टी ड्रेन घ्या. पट्टी ड्रेनला एकाच बाजूला उतार पुरतो, म्हणून मोठी लादी नीट बसते. हा निर्णय लादी खरेदीच्या आधी घ्यायचा. लादी आल्यावर मालकाला सांगितलं तर भांडण ठरलेलं.

२. जुन्या लादीवर नवीन लादी चिकटवलेली असते. बाथरूमची पातळी वर येते आणि खोलीच्या बरोबरीला पोचते. बाथरूम खोलीपेक्षा पाऊण-एक इंच तरी खाली हवं. नसेल तर दाराला उंबरठ्याची पट्टी बसवल्याशिवाय इलाज नाही.

उपाय काय? साचणारा भाग लहान असेल, तर तेवढ्याच लाद्या काढून कोबा दुरुस्त करा. वरून सिमेंट ओढून उतार काढायचा प्रयत्न करू नका, महिन्याभरात पापुद्रा सुटतो.

तक्रार दुसरी: "शॉवर चालू केला की पाणी तुंबतं"

आधी एक साधी चाचणी. २० लिटरची बादली शॉवरखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटांत भरली तर शॉवर मिनिटाला १० लिटर पाणी देतोय. आता शॉवर दहा मिनिटं पूर्ण चालू ठेवा. पाणी जाळीच्या वर चढायला लागलं, तर ड्रेन शॉवरपेक्षा कमी पाणी नेतोय. रिनोव्हेशनमध्ये जुना छोटा शॉवर काढून मोठा रेन शॉवर लावतात, ट्रॅप मात्र जुनाच. शॉवर वाढला, वाट तेवढीच राहिली.

मग जाळी काढा आणि परत तेच करा.

- जाळी काढल्यावर पाणी झटकन गेलं: दोष जाळीचा. भोकं कमी आहेत किंवा केस अडकलेत. पंधरा मिनिटांचं काम.
- जाळी काढूनही हळू: ट्रॅपमध्ये टॉर्च मारा. सिमेंटचा रगडा, ग्राउट, लादीच्या कपच्या बसलेल्या दिसतील. काम चालू असताना ट्रॅपचं तोंड उघडं राहिलं की हे होतं. हाताने आणि बारीक छिन्नीने हळू काढा. ॲसिड ओतू नका. घट्ट सिमेंट त्याने धड सुटत नाही, लादीचे सांधे मात्र खातं. आणि आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर ॲसिडबरोबर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.
- ट्रॅप स्वच्छ, तरी हळू, आणि गुडगुड आवाज: आता पाइपाकडे जा. शॉवरची जागा बदलली होती का? ट्रॅप पाच फूट सरकवला, तर दीड मीटर आडवा पाइप वाढला. ५० ला १ उतार धरला तर त्याला ३० मिमी जास्त खोली हवी. स्लॅब सखल नसेल तर एवढी खोली मिळतच नाही. मग कामगार पाइप सपाट टाकतो आणि वरून कोबा करतो. लादी सुंदर दिसते, पाणी जात नाही.
- दोन ट्रॅप: पट्टी ड्रेनमध्ये स्वतःचा ट्रॅप असतो आणि खाली जुना नहाणी ट्रॅप तसाच ठेवलेला असतो. दोन पाण्याच्या सीलमध्ये हवा कोंडते आणि पाणी अडखळत जातं. एकच ट्रॅप ठेवा.

आणखी एक प्रश्न मालकाला नक्की विचारा, "पाणी बारा महिने तुंबतं की फक्त पावसाळ्यात?" गावाकडे बाथरूमचं पाणी बऱ्याचदा शोषखड्ड्यात जातं. मुसळधार पावसात नदीकाठची जमीन पाण्याने भरते, खड्डा पाणी घेत नाही आणि ते मागे फिरतं. अशा वेळी बाथरूममध्ये कितीही तोडफोड करा, उपयोग शून्य. दोष बाहेर आहे.

एक गोष्ट निक्षून सांगतो. सेप्टिक टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये कुठल्याही माणसाला उतरवायचं नाही. आतल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि वाचवायला गेलेलाही जातो. २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक सफाईचं काम माणसाकडून करून घेण्यावर बंदी आहे. सक्शनची गाडी मागवा. तो खर्च मालकाच्या बिलात वेगळा दाखवा.

तक्रार तिसरी: "वास येतो"

वज्रेश्वरी परिसरात या तक्रारीला एक स्थानिक वळण आहे. इथल्या गरम झऱ्यांच्या पाण्याला स्वतःचाच गंधकाचा वास असतो. गटाराच्या वायूचा वासही साधारण त्याच जातीचा, सडक्या अंड्यासारखा. लॉजमध्ये झऱ्याचं किंवा जवळच्या बोअरचं पाणी वापरत असतील, तर आधी वास कुठून येतोय ते ठरवा. नळाचं पाणी एका ग्लासात घ्या, बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि तिथे वास घ्या. ग्लासातच वास असेल तर वास पाण्यातूनच येतोय. मालकाला ग्लास हातात द्या, त्यालाही पटेल. या एका ग्लासाने लादी फोडण्याचे पैसे वाचतात.

ग्लासाला वास नाही, मग ड्रेन बघा. टॉर्च मारा.

- ट्रॅपमध्ये पाणीच दिसत नाही: खोली किती दिवस बंद होती ते विचारा. सीझन नसताना खोल्या बंद राहतात, उन्हाळ्यात वॉटर सील वाळून जातं आणि वास वर येतो. एक बादली पाणी ओता. वास गेला आणि खोली बंद राहिल्यावरच परत आला, तर काम झालं. मालकाला सांगा, बंद खोलीतही आठवड्यातून एकदा ट्रॅपमध्ये पाणी टाकायचं. जास्त दिवस बंद ठेवायची असेल तर वरून दोन चमचे खाद्यतेल टाका, पाणी लवकर उडत नाही.
- पाणी ओतलं, पण काही तासांत वास परत: ट्रॅपला तडा असेल. किंवा केसांचा, फडक्याचा पुंजका सीलमधून पाइपाकडे लोंबत असेल, त्या वातीवरून पाणी हळूहळू निघून जातं. पुंजका काढा, पाणी भरा, पातळीला खूण करा, संध्याकाळी बघा.
- शेजारचा फ्लश ओढला की ट्रॅपमध्ये गुडगुड: पाइपाला हवा मिळत नाही, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. व्हेंट पाइप नाही किंवा बंद झालाय.
- ट्रॅपच नाही: हो, असंही असतं. पट्टी ड्रेन थेट पाइपाला जोडलेला असतो. टॉर्च मारल्यावर पाणी न दिसता कोरडा पाइप लांबवर दिसतो. इथे फोडण्याशिवाय पर्याय नाही, पण आता तुम्ही कारण दाखवून फोडताय.

जाळीबद्दलही दोन शब्द. या पट्ट्यातल्या गरम पाण्यात क्षार, खास करून क्लोराइड, जास्त असतं. स्वस्त २०२ ग्रेडच्या स्टीलवर लवकर डाग आणि गंज येतो. झऱ्याचं पाणी वापरणाऱ्या ठिकाणी ३१६ ग्रेडची जाळी सुचवा, किंवा बजेट नसेल तर चांगली प्लास्टिकची. फरक कोटेशनमध्ये लिहा, निवड मालकाला करू द्या.

तक्रार चौथी: "खालच्या छताला ओल येते"

सगळ्यात महागडी तक्रार हीच. इथे चार चाचण्या याच क्रमाने करा. क्रम बदलला तर निष्कर्ष चुकतो. प्रत्येक चाचणीनंतर खालची ओल टिश्यू पेपरने टिपून बघा आणि तारीख-वेळेसह फोटो काढा.

चाचणी १: कोरडी. बाथरूम पूर्ण एक दिवस वापरायचं नाही, पण पाण्याची लाइन चालू ठेवायची. तरी खाली थेंब येतात? मग गळती दाबाखालच्या नळाच्या लाइनमधून आहे असा संशय घ्या. मेन कॉक बंद करून थेंब थांबतात का बघा. थांबले तर ड्रेनला हात लावू नका.

चाचणी २: फक्त ड्रेन. जमीन कोरडी ठेवून, रबरी नळी ट्रॅपच्या आत घालून पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा. आता ओल आली तर ट्रॅपचा सांधा किंवा पुढचा पाइप गळतोय. पीव्हीसी पाइप सॉल्व्हंट न लावता नुसता खुपसलेला असतो, किंवा सांध्यावर सिमेंट थापलेलं असतं. सिमेंट पीव्हीसीला कायमचं धरत नाही. तळमजल्याच्या जुन्या घरात जोत्यातली भर बसल्यामुळेही पाइप मोडतो.

चाचणी ३: फक्त जमीन. ट्रॅपच्या भोवती चिकणमातीचा किंवा पुट्टीचा दोन इंची बांध घाला. बांधाच्या बाहेर इंचभर पाणी भरा, उंबरठ्यावरून ओसंडू देऊ नका. भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. शेजारी एका मगमध्ये पाणी भरून त्यालाही खूण करा. चोवीस तासांनी मगमधलं पाणी जेवढं कमी झालं ते हवेत उडालं. जमिनीवरचं त्याहून जास्त उतरलं आणि बांध कोरडा असेल, तर बाकीचं लादीखाली गेलं. ओल आली तर दोष जमिनीच्या वॉटरप्रूफिंगचा. नाही आली तर बांध काढा, ट्रॅपचं तोंड आतून, म्हणजे उंचीच्या तुकड्याच्या सांध्याखाली, घट्ट बोळ्याने बंद करा आणि पुन्हा पाणी भरा. आता ओल आली तर गळती ट्रॅपच्या गळ्याशी आहे. लादीवर लादी केलेल्या कामात हेच सापडतं. ट्रॅप खोल गेलेला असतो आणि मधली पोकळी नुसत्या सिमेंटने भरलेली असते. तिथे योग्य मापाचा उंचीचा तुकडा चिकटवून, वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपच्या ओठावर चढवायला हवा.

चाचणी ४: फक्त भिंत. जमीन पुसून घ्या, शॉवर भिंतीवर मारा आणि खाली येणारं पाणी लगेच टिपत राहा. ओल आली तर भिंतीचे सांधे, नळाच्या मागची भोकं आणि भिंत-जमिनीचा कोपरा तपासा.

चार चाचण्यांना काही दिवस लागतात, साहित्य जवळपास काहीच नाही. स्लॅबमध्ये मुरलेलं जुनं पाणी उशिरापर्यंत झिरपतं, म्हणून दोन चाचण्यांमध्ये एक दिवस कोरडा जाऊ द्या.

नवीन काम करताना: लादी बसण्याआधीची यादी

१. ट्रॅप पाणसळीत बसवा. ट्रॅप तिरका तर सीलही कमी.
२. आडव्या पाइपाचा उतार मोजा आणि टेपसह फोटो काढा.
३. ट्रॅप आणि पाइपाची तोंडं काम संपेपर्यंत बंद ठेवा.
४. वॉटरप्रूफिंग झाल्यावर कमीत कमी ४८ तास पाणी भरून ठेवा. मालकाला बोलावून दाखवा.
५. सखल स्लॅब असेल तर तळाला पाणी निघायची छोटी वाट ठेवा, म्हणजे चुकून झिरपलेलं पाणी आत कुजत नाही.
६. लादी चिकटवण्याआधी कोब्यावर एक बादली ओता. पाणी इथे नीट गेलं तरच लादीवरून जाईल.

यात्रा आठ दिवसांवर आली म्हणून पाण्याची चाचणी टाळायची नाही. मालक घाई करतो, त्याचं बरोबर आहे, सीझन त्याचा आहे. पण गळकी खोली सीझनमध्ये बंद पडली तर नुकसानही त्याचंच आहे. हे कोटेशन देतानाच शांतपणे सांगा आणि तारखेत चाचणीचे दिवस आधीच धरा.

आता धंद्याचं बोलू

तपासणी फुकट करू नका. चार फेऱ्या, चार चाचण्या, फोटो आणि एका पानाचा अहवाल, याला किंमत आहे. तपासणी फी ठरवा आणि काम तुम्हालाच मिळालं तर ती बिलातून वजा करा. दुसऱ्याने केलेलं काम तपासायला गेलात तर त्याची निंदा करू नका. जे दिसलं ते लिहा. आज ज्याची निंदा कराल तोच उद्या तुमचं काम तपासायला जाईल.

वॉरंटी लेखी द्या आणि तिची हद्दही लिहा. "ट्रॅप, त्याचे सांधे आणि या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ही माझी जबाबदारी. जुनी मुख्य लाइन, चेंबर आणि शोषखड्डा यात धरलेला नाही." दोन वाक्यं, पण सगळी भांडणं याच दोन वाक्यांच्या अभावी होतात. जुनी लाइन खराब दिसली तर काम सुरू करायच्या आधी मालकाला फोटोसह मेसेज करा.

उद्यम नोंदणी मोफत आहे, सरकारी पोर्टलवर स्वतः करा, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. लॉजमालक बिल मागतो, बँक कागद मागते, तेव्हा ती कामाला येते.

या आठवड्याचा गृहपाठ

स्वतःच्या घरातल्या बाथरूमपासून सुरुवात करा. उतार मोजा, बादली लावून शॉवरचं पाणी मोजा, टॉर्च मारून सील बघा आणि एका पानाचा अहवाल लिहा. मग ओळखीच्या दोन घरांत हेच करा. तीन अहवाल तयार झाले की पहिल्या लॉजमालकाला भेटायला जा. रिकाम्या हाताने "काम द्या" म्हणण्यापेक्षा हातात अहवाल ठेवून "एक खोली तपासून देतो" म्हणा. बोलणं तिथूनच सुरू होतं.

पुढच्या भागात बघू, कोटेशन कसं लिहायचं आणि ॲडव्हान्स किती मागायचा. तोपर्यंत पाणसळ, टॉर्च आणि पेन्सिल पिशवीत ठेवा. भेटूया!